कातिन : पुरावा, कबुली आणि आठवण

आजच्या विषयाचं नाव फार मोठं आहे. ‘सोव्हिएत भूतकाळ आणि सामूहिक स्मृती’. एवढ्या विषयावर तासाभरात बोलायचं म्हणजे काहीच न बोलण्यासारखं आहे. म्हणून आपण एकच जंगल घेऊ. रशियातल्या स्मोलेन्स्क शहराजवळचं कातिन नावाचं जंगल. इतिहासकार काय करतात, त्यांना काय जमतं आणि काय जमत नाही, हे या एका जंगलात बरंचसं दिसतं.

आधी घटना सांगतो, कारण तिच्याबद्दल आता अभ्यासकांमध्ये वाद नाही. १ सप्टेंबर १९३९ला जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून लाल सैन्य आत शिरलं. हिटलर आणि स्तालिन यांच्या करारातल्या गुप्त कलमांमध्ये पोलंडची वाटणी आधीच ठरलेली होती. सोव्हिएतांच्या हाती जे युद्धकैदी लागले, त्यांतले अधिकारी आणि पोलीस वेगळे काढून तीन छावण्यांत ठेवले गेले : कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क आणि ओस्ताश्कोव. ‘अधिकारी’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे मिशीवाले सेनापती येतात. पण यांतले पुष्कळसे राखीव दलातले होते. म्हणजे एरवी डॉक्टर, शिक्षक, वकील, इंजिनिअर. एखाद्या देशाचा सुशिक्षित मध्यमवर्ग उचलून छावणीत ठेवावा, तसं ते होतं.

५ मार्च १९४० रोजी पोलितब्युरोने बेरियाच्या टिपणावर निर्णय घेतला : या लोकांना आरोपपत्राशिवाय, न्यायालयासमोर न आणता गोळ्या घालाव्यात. टिपणावर स्तालिन, व्होरोशिलोव, मोलोतोव आणि मिकोयान यांच्या सह्या आहेत. कालिनिन आणि कागानोविच हजर नव्हते, त्यांची संमती समासात लिहिलेली आहे. पुढे १९५९ मध्ये केजीबीचे प्रमुख शेलेपिन यांनी ख्रुश्चेव्हसाठी एक हस्तलिखित टिपण केलं, त्यात हिशेब दिला आहे. कातिन जंगलात ४,४२१, स्तारोबेल्स्क छावणीतले ३,८२०, ओस्ताश्कोवचे ६,३११ आणि पश्चिम युक्रेन व पश्चिम बेलारूसच्या तुरुंगांतले व छावण्यांतले ७,३०५. एकूण २१,८५७. आणि हे लिहून झाल्यावर शेलेपिन सुचवतात की या माणसांच्या वैयक्तिक फायली आता नष्ट कराव्यात. म्हणजे ज्या कागदाने आपल्याला आकडा दिला, त्याच कागदाने आपल्याकडून माणसं काढून घेतली.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. छावण्यांतल्या कैद्यांकडून त्यांच्या बायकामुलांची नावं आणि पत्ते गोळा केले गेले होते. १३ एप्रिल १९४०ला, म्हणजे गोळ्या घालणं सुरू असतानाच, ही कुटुंबं घरांतून उचलून मालगाड्यांत भरली आणि कझाकस्तानात पाठवली. या गाड्यांकडे आपल्याला शेवटी परत यायचं आहे.

आता मुख्य भाग. हे सगळं जगाला कळलं कसं?

१३ एप्रिल १९४३ला बर्लिन रेडिओने जाहीर केलं की कातिनच्या जंगलात हजारो पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडली आहेत आणि ही बोल्शेविकांची करणी आहे. आता गंमत बघा – गंमत शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही. बातमी खरी होती आणि सांगणारा होता गोबेल्स. आपण तत्त्वज्ञानाची माणसं, म्हणून आपल्याला न्यायदर्शन आठवतं. तिथे शब्दप्रमाण मानलेलं आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा, म्हणजे ज्याला विषय माहीत आहे आणि ज्याला खोटं बोलायचं कारण नाही अशाचा. गोबेल्स आप्त नव्हता हे सांगायला न्यायशास्त्र लागत नाही. त्याच वेळी त्याच राजवटीचे लोक पोलंडमध्येच ज्यूंना लाखांनी मारत होते. अशा तोंडून आलेलं सत्य स्वीकारायचं कसं?

तेव्हा शब्द बाजूला ठेवून अनुमानाकडे जावं लागतं. प्रेतांच्या खिशांत पत्रं, रोजनिशा आणि वर्तमानपत्रं होती. त्यांच्या तारखा १९४०च्या वसंतात थांबत होत्या. एका कैद्याच्या खिशात जुनं वर्तमानपत्र असू शकतं. हजारो माणसांपैकी एकाच्याही खिशात पुढच्या वर्षभरातली एकही तारीख नसावी, हे कठीण आहे. खड्ड्यांवर लावलेली रोपं तीन वर्षांपूर्वी तिथे लावल्यासारखी होती. उलट बाजूनेही एक गोष्ट होती. काडतुसं जर्मन बनावटीची निघाली. खुद्द गोबेल्सने या गोष्टीची चिंता आपल्या रोजनिशीत नोंदवली आहे. पुढे कळलं की असा दारूगोळा जर्मनीने युद्धापूर्वी पूर्व युरोपात विकलेला होता. पण सोव्हिएत प्रचाराला पन्नास वर्षं पुरेल एवढं भांडवल त्या काडतुसांनी दिलं.

पोलंडच्या परागंदा सरकारने लंडनहून आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे चौकशी मागितली. मॉस्कोने लगेच त्या सरकारशी संबंध तोडले. हे तेच मॉस्को, जिथे डिसेंबर १९४१ मध्ये पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की यांनी आमचे अधिकारी कुठे आहेत असं विचारलं होतं आणि स्तालिनने ते पळून मांचुरियाला गेले असतील असं उत्तर दिलं होतं. ब्रिटिश राजदूत ओवेन ओमॅली यांनी १९४३ मध्येच आपल्या सरकारला अहवाल देऊन सोव्हिएतांकडे बोट दाखवलं, पण तो दडवून ठेवला गेला. युद्ध जिंकायचं होतं आणि युद्ध लाल सैन्य लढत होतं. हे कारण आपण हसण्यावारी नेऊ नये. स्तालिनग्राड खरं होतं. आपल्याकडे अण्णाभाऊंनी स्तालिनग्राडचा पोवाडा रचला तो काही उगाच नाही. अडचण हीच आहे की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींमागचं राज्य एकच आहे.

जानेवारी १९४४ मध्ये स्मोलेन्स्क परत जिंकल्यावर बुर्देन्को आयोग नेमला गेला आणि त्याने निष्कर्ष काढला की जर्मनांनी १९४१च्या शरदात या लोकांना मारलं. आयोगात लेखक होते, धर्मगुरू होते, शल्यविशारद होते. सगळी प्रतिष्ठित माणसं. (समिती नेमताना प्रतिष्ठित माणसं का घेतात, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.) पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात सोव्हिएत बाजूने हा आरोप जर्मन प्रतिवादींवर ठेवला. जुलै १९४६ मध्ये दोन दिवस साक्षी झाल्या आणि आरोप टिकला नाही. निकालपत्रात कातिनचा उल्लेखच नाही. न्यायालयाने खोटं लिहिलं नाही, आणि खरंही लिहिलं नाही.

न्यूरेंबर्गमध्ये सोव्हिएत अभियोक्त्यांच्या चमूत निकोलाय झोर्या नावाचे एक अधिकारी होते. मे १९४६ मध्ये ते आपल्या खोलीत गोळी लागून मेलेले सापडले. शस्त्र हाताळताना अपघात झाला असं अधिकृतपणे सांगितलं गेलं. खरं काय झालं यावर तर्क पुष्कळ आहेत, आपण त्यांत शिरू नये. पण त्यांचा मुलगा, युरी झोर्या, म्हातारपणी पुराभिलेखागारात जाऊन बसला. गोर्बाचेव्हच्या काळात दारं किलकिली झाली होती. तो, नाताल्या लेबेदेवा आणि वालेन्तिना पार्सादानोवा अशा तिघा सोव्हिएत अभ्यासकांनी जे केलं, ते इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने बघण्यासारखं आहे.

त्यांना हत्येचा हुकूम मिळाला नव्हता. तो पोलितब्युरोच्या तिजोरीत होता आणि त्याचं अस्तित्वही त्यांना माहीत नव्हतं. त्यांना मिळाले ते रेल्वेच्या पहारेकरी दलाचे कागद. कोणत्या छावणीतून किती कैदी, कोणत्या डब्यांतून, कोणत्या तारखेला, कोणत्या स्टेशनला पोचवले. कंटाळवाणे कागद. कारकुनाने काढलेले, वरच्याने सही केलेले. असे कागद कुणी लपवत नाही, कारण त्यांत काही आहे असं कुणाला वाटत नाही. त्यांत कोझेल्स्कहून पाठवायच्या कैद्यांच्या याद्या होत्या. युरी झोर्यांनी त्या याद्या जर्मनांनी १९४३ मध्ये प्रेतं उकरताना केलेल्या ओळखपत्रकाशेजारी ठेवल्या. नावं जुळली. आणि नुसती नावं नाहीत, पुष्कळ ठिकाणी नावांचा क्रमही जुळला. ज्या क्रमाने माणसं एप्रिल १९४० मध्ये यादीत लिहिली गेली होती, साधारण त्याच क्रमाने ती खड्ड्यात होती. म्हणजे यादी ते खड्डा यांच्यामध्ये दीड वर्ष जायला जागाच नव्हती.

आपल्याकडे राजवाड्यांनी आयुष्यभर अस्सल कागदाचा आग्रह धरला आणि त्यासाठी गावोगाव फिरून दप्तरं धुंडाळली. राजवाड्यांना हा क्षण फार आवडला असता. मोठ्या माणसांनी लिहिलेलं खोटं लहान कारकुनाच्या वहीने पकडलं.

मार्च १९९०च्या अखेरीस लेबेदेवांचं संशोधन मॉस्कोतल्या वर्तमानपत्रात आलं. त्यानंतर तीन आठवड्यांत, १३ एप्रिल १९९०ला, तास या सोव्हिएत वृत्तसंस्थेने जबाबदारी कबूल करणारं निवेदन काढलं आणि गोर्बाचेव्ह यांनी पोलिश अध्यक्ष यारुझेल्स्की यांच्या हाती याद्या दिल्या. तारीख बघा, पुन्हा १३ एप्रिल. कुटुंबांना उचललं ती, बर्लिनने जाहीर केलं ती, मॉस्कोने कबूल केलं ती. पोलंड या तारखेला कातिनचा स्मरणदिन पाळतं. आपण भारतीयांना ही तारीख निराळ्या कारणाने पाठ आहे आणि आपणही अजून एका सरकारच्या पूर्ण माफीची वाट बघतो आहोत.

मूळ हुकूम मात्र १९९०ला बाहेर आला नाही. तो ऑक्टोबर १९९२ मध्ये येल्त्सिन यांनी वॉर्साला पाठवला. ‘पाकीट क्रमांक १’ म्हणून तो पक्षाच्या सरचिटणिसांकडून सरचिटणिसांकडे सीलबंद येत असे. येल्त्सिन यांना त्याच वेळी का सुचलं? कारण तेव्हा मॉस्कोच्या घटनात्मक न्यायालयात कम्युनिस्ट पक्षावरील बंदीचा खटला चालू होता. येल्त्सिन यांना पक्षाविरुद्ध दारूगोळा हवा होता आणि गोर्बाचेव्ह यांना अडचणीत आणायचं होतं. म्हणजे खरा कागद राजकारणासाठी बाहेर आला. १९४३ मध्येही खरी बातमी राजकारणासाठीच बाहेर आली होती. ज्यांना असं वाटतं की सत्य आपल्या पायांनी चालत बाहेर येतं, त्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून बघाव्यात. कागद खरा की खोटा हा एक प्रश्न, आणि तो आत्ताच का दाखवला हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाईट निघालं म्हणून पहिल्याचं बदलत नाही. ही गल्लत आपल्याकडेही रोज होते.

कबुलीनंतर काय झालं?

नोव्हेंबर १९९०मध्येच गोर्बाचेव्ह यांनी एक आदेश काढला होता. सोव्हिएत-पोलिश संबंधांत सोव्हिएत बाजूचं ज्या घटनांमुळे नुकसान झालं, त्यांची कागदपत्रं शोधा, असा. कबुली देऊन सात महिने झाले नाहीत तोच. शोधणाऱ्यांना १९१९-२१च्या युद्धातले लाल सैन्याचे कैदी सापडले, जे पोलिश छावण्यांत उपासमारीने आणि साथीच्या रोगांनी मेले. हेही खरं होतं. २००४ मध्ये दोन्ही देशांच्या अभ्यासकांनी मिळून कागदपत्रांचा जाडजूड खंड काढला. पोलिश अंदाज १६ ते १७ हजार, रशियन अंदाज १८ ते २० हजार. इतिहासकार एकमेकांच्या इतके जवळ येऊ शकतात, हे आपण लक्षात ठेवावं. पण सार्वजनिक चर्चेत या मृत्यूंचा उपयोग तागडीच्या दुसऱ्या पारड्यात टाकायला झाला : तुमचे इतके, आमचे इतके, चला फिटलं. टायफसने मरू देणं आणि यादी करून डोक्यात गोळी घालणं यांतला फरक आकड्यांत दिसत नाही.

तागडी कशी तयार होते याचं आणखी एक उदाहरण. बेलारूसमध्ये खातिन नावाचं खेडं होतं. २२ मार्च १९४३ला जर्मनांनी आणि त्यांच्या हाताखालच्या तुकडीने तिथले १४९ लोक जाळून, गोळ्या घालून मारले. १९६९ मध्ये तिथे भव्य स्मारक उभं राहिलं. बेलारूसमध्ये जर्मनांनी जाळलेली खेडी शेकड्यांनी होती. त्यांतलं नेमकं कातिनशी यमक जुळणारं खेडं का निवडलं, असा संशय पाश्चात्त्य लेखकांनी बोलून दाखवला आहे. कागदोपत्री तो सिद्ध झालेला नाही, तेव्हा आपणही तो संशय म्हणूनच ठेवू. पण परिणाम दिसतोच. कातिन म्हटलं की परदेशी पाहुण्याला खातिन आठवायचं. आणि खातिनचे १४९ मृत तर खरेच होते, त्यांना या कशाची कल्पना नव्हती.

२०१० हे वर्ष चांगलं उजाडलं होतं. आंद्रे वायदा यांचा ‘कातिन’ चित्रपट रशियन दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. वायदांचे वडील याच हत्याकांडात गेले होते. १० एप्रिलला स्मरणकार्यक्रमासाठी निघालेल्या पोलिश अध्यक्षांचं विमान स्मोलेन्स्कला कोसळलं, ९६ माणसं गेली आणि तो चित्रपट रशियात पुन्हा, मोठ्या वाहिनीवर दाखवला गेला. २६ नोव्हेंबरला रशियन संसदेच्या दुमाने ठराव केला की कातिन स्तालिन आणि इतर सोव्हिएत नेत्यांच्या थेट आदेशाने घडलं. आम्हाला तेव्हा वाटलं, झालं, हे प्रकरण मिटलं. आम्ही वर्गात तसं सांगितलंही होतं. ते चुकलं.

दहा वर्षांनी, ७ मे २०२०ला, त्वेर शहरातल्या वैद्यकीय विद्यापीठाच्या इमारतीवरच्या दोन पाट्या काढल्या गेल्या. त्वेर म्हणजे जुनं कालिनिन. ही इमारत पूर्वी एनकेव्हीडीची होती आणि ओस्ताश्कोवचे कैदी इथे मारले गेले. एक पाटी पोलिश मृतांसाठी होती, दुसरी इथेच मारल्या गेलेल्या सोव्हिएत नागरिकांसाठी. पाट्या काढण्यामागचं कारण सरकारी वकिलांनी काय दिलं? की पाटीवरचा मजकूर कागदोपत्री सिद्ध झालेल्या तथ्यांवर आधारलेला नाही.

इथे आपण जरा थांबू. हे वाक्य कुणाचं आहे? हे आमचं वाक्य आहे. कागद दाखवा, पुरावा दाखवा, हे इतिहासाच्या मास्तरांनी विद्यार्थ्यांना शिकवलेलं वाक्य. ते उचलून पाटी काढायला वापरलं. दुमाचा ठराव मागे घेतला नाही, कबुली रद्द केली नाही, फक्त पुराव्याची पट्टी इतकी वर नेली की कुठलाच पुरावा तिथवर पोचू नये. आणि पुरावा तर होता. त्या वेळचे कालिनिनच्या एनकेव्हीडीचे प्रमुख तोकारेव यांनी १९९१ मध्ये सोव्हिएत लष्करी अभियोक्त्यांपुढे जबाब दिला आहे. मॉस्कोहून ब्लोखिन हा मारेकरी कसा आला, त्याने बॅगेतून जर्मन पिस्तुलं कशी आणली, कातड्याचा अॅप्रन कसा चढवला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कोठडीचं दार कसं मढवलं, एका रात्रीत जास्तीत जास्त किती माणसं ‘पुरी’ करता येतात हे कसं ठरलं. तोकारेव आप्त होते का? स्वतःची कातडी वाचवणारा माणूस होता तो. पण स्वतःला बाधक गोष्ट सांगणाऱ्याच्या शब्दाला जास्त वजन असतं, हे कुठलंही न्यायालय मानतं. याच प्रकरणाची लष्करी चौकशी २००४ मध्ये बंद झाली तेव्हा १८३ खंडांपैकी ३६ गोपनीय ठरवले गेले. कागद कुलपात ठेवायचे आणि कागद नाहीत म्हणायचं.

‘मेमोरियल’ या संस्थेच्या अभ्यासकांनी त्वेरजवळच्या मेद्नोये इथे पुरलेल्या ओस्ताश्कोवच्या सहा हजारांहून अधिक पोलिश कैद्यांची एकेकाची माहिती गोळा करून स्मृतिग्रंथ काढला. रशियन लोकांनी, रशियन भाषेत, पोलिश मृतांसाठी. २८ डिसेंबर २०२१ला रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही संस्था बरखास्त केली. ही संस्था सोव्हिएत संघाची दहशतवादी राष्ट्र अशी खोटी प्रतिमा तयार करते, असं सरकारी वकील कोर्टात म्हणाले होते.

मॉरिस हाल्बवाक्स म्हणत असत की माणूस एकटा आठवू शकत नाही. आठवणीला समूहाची चौकट लागते. ते स्वतः १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छावणीत मेले. कातिनकडे बघताना आम्हाला त्यांच्या म्हणण्यात थोडी भर घालावीशी वाटते. समूहाला एखादी गोष्ट माहीत असते, तेवढ्याने ती त्याच्या आठवणीत येत नाही. आज रशियात ज्याला जाणून घ्यायचं आहे, त्याला कातिनबद्दल सगळं मिळतं. बेरियाचं टिपणही सरकारी संकेतस्थळावर ठेवलं गेलं होतं. भिंतीवरची पाटी मात्र न शोधणाऱ्यासाठी असते, कॉलेजला जाता-येता दिसण्यासाठी. म्हणून ती काढली जाते.

आमच्या पिढीने सोव्हिएत पुस्तकं पोत्याने वाचली. प्रदर्शनाच्या गाडीतून घेतलेली, छान कागदाची, दोन-तीन रुपयांना मिळणारी. त्यांतल्या गॉर्की-चेखवचं ऋण आम्ही नाकारणार नाही. पण पोलंडच्या त्या अधिकाऱ्यांचं काय झालं, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. आणि विचारायला लांब जायची गरज नव्हती, कोल्हापूरला गेलं असतं तरी चाललं असतं.

आता त्या मालगाड्या. हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी काहींना १९४१ नंतर सुटका मिळाली. ती इराणमार्गे बाहेर पडली, आणि त्यांतली सुमारे पाच हजार माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत राहिली. १९४८पर्यंत. तिथे शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट होते. ती गेल्यावर त्याच जागेत फाळणीचे सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर झालं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिशांचा स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. या दोन देशांच्या मैत्रीबद्दल त्यांवर लिहिलं-बोललं जातं, आणि ते योग्यच आहे. ती बायकामुलं मुळात घराबाहेर का पडली, हे मात्र भाषणांत सहसा येत नाही. वळिवड्याच्या सगळ्याच घरांतले पुरुष कातिनला गेलेले नव्हते. अनेक कुटुंबं शेतकऱ्यांची होती. पण ज्यांचे गेले होते, त्या बायका इथे आल्या तेव्हा बर्लिनची घोषणा होऊन गेली होती. जर्मन यादीत नाव नाही, म्हणून नवरा जिवंत असेल अशी आशा त्यांनी कशी धरली असेल, याचा आपण फक्त विचार करू शकतो. ओस्ताश्कोव आणि स्तारोबेल्स्कच्या कैद्यांचे खड्डे तर १९९१पर्यंत उकरलेच गेले नव्हते.

आणि शेलेपिनच्या हिशेबातले ते ७,३०५. त्यांतल्या ३,४३५ जणांची यादी १९९४ मध्ये युक्रेनने पोलंडला दिली. वजाबाकी केली की ३,८७० उरतात. त्यांना ‘बेलारूस यादी’ म्हणतात. ती यादी अजून सापडलेली नाही.

बाकीचं आता प्रश्नोत्तरांत बोलू.